बोअरच्या जड पाण्यात एसटीपीपी (पाणी मऊ करणारं फॉस्फेट) घालून कपडे धुतले, त्याचा माझा अनुभव

पुण्याजवळच्या वाघोलीतल्या आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. त्या पाण्यावर कपड्यांचे फार हाल झाले. माझं माहेर सोलापूर, त्यामुळे घरातले टॉवेल सगळे तिकडचेच. वर्षभरात ते इतके कडक झाले की पोरं ते अंगाला लावायला तयार होईनात. पांढऱ्या शर्टांवर राखाडी छटा चढली. पावडर वाढवून पाहिली तर खर्च तेवढा वाढला.

काही करण्याआधी मी पाणी मोजलं. हार्डनेसचं, म्हणजे पाण्याच्या जडपणाचं, छोटं किट मिळतं, त्यात लालसर झालेलं पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजत टाकायचे असतात. आमचं पाणी लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास निघालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे हे पाणी प्यायला नियमात बसतं, पण धुण्याला नाही. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पावडरीतल्या साबणाला आधीच गाठतं, मग मळ काढायला साबण उरतोच कुठे? स्वस्त पावडरीत धुण्याचा सोडा भरपूर असतो. तो कॅल्शियमला पाण्यातून काढतो खरा, पण खडूसारखा बारीक साका करून. तो साका टॉवेलच्या लूपांमध्ये बसतो, आणि कडकपणा येतो तो त्याचाच.

आमच्या ओळखीतल्या एका बचत गटाच्या बायका धुण्याची पावडर बनवतात. त्यांच्याकडून एसटीपीपीचं नाव कळलं. पूर्ण नाव सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट. कॅल्शियमला खेकड्याने नांगीत धरावं तसं ते धरून ठेवतं आणि पाण्यात विरघळलेलंच ठेवतं, साका होऊ देत नाही. शिवाय पाणी अल्कधर्मी ठेवतं आणि सुटलेला मळ परत कापडावर बसू देत नाही. अमेरिकेत १९४६ साली आलेल्या टाइडचं यश याच फॉस्फेटच्या जोरावर उभं होतं. रविवार पेठेतल्या केमिकलच्या दुकानात मागितलं, तर दुकानदार म्हणाले, "ताई, पावडर बनवायला पाहिजे का? स्लरी आणि सोडा पण देऊ?" मी फक्त एसटीपीपीची पिशवी घेतली.

किती घालायचं याचा हिशेब आधी मांडला. ५०० हार्डनेसचं एक लिटर पाणी पूर्ण मऊ करायला साधारण १.८ ग्रॅम एसटीपीपी लागतं. आमच्या फ्रंट लोड मशीनमध्ये मुख्य धुण्याला १५ लिटरच्या आसपास पाणी येतं, म्हणजे २७-२८ ग्रॅम झाले. टॉप लोडवाल्यांनी हाच हिशेब ५० लिटरला करून पाहावा, ९० ग्रॅमच्या वर जातो.

आधी जुना साका काढणं गरजेचं होतं, कारण एसटीपीपी नवा साका होऊ देत नाही, पण वर्षभर साठलेला काढायला आम्लच बरं. कोमट पाण्याच्या बादलीत लिंबूसत्व विरघळवून टॉवेल बुडवले, तर बारीक बुडबुडे येताना डोळ्यांनी दिसले. इथे एक काळजी घ्यायची: या बादलीत ब्लीच चुकूनही पडता कामा नये, आम्ल आणि ब्लीच मिळून विषारी क्लोरीन वायू सुटतो. टॉवेल खळबळून घेतले आणि मग मशीनमध्ये टाकले. एसटीपीपी कोरडंच टाकलं तर त्याचे खडे होतात आणि ते लवकर विरघळत नाहीत, म्हणून तांब्याभर कोमट पाण्यात ढवळून घेतलं. ते पाणी आधी ड्रममध्ये, मशीन थोडं फिरल्यावर मग पावडर. हा क्रम महत्त्वाचा आहे. पावडर आधी गेली तर कॅल्शियम तिलाच धरतं. आणि पावडर नेहमीच्या निम्मीच घातली. पहिल्या खळबळणीलाही चिमूटभर एसटीपीपी दिलं, कारण धुण्याचं मऊ पाणी निघून गेलं की परत तेच जड पाणी आत येतं आणि कपड्यात उरलेल्या साबणाचा साका तिथेच बसतो. ही गोष्ट पुष्कळ जण सोडून देतात.

फरक पहिल्याच धुण्यात कळला. टॉवेल वाळल्यावर वाकत होते, पाणी टिपत होते. शर्टांची राखाडी हळूहळू, तीन-चार धुण्यांत उतरली. निम्म्या पावडरीत कॉलरचे डागही निघत होते. धुण्याच्या दृष्टीने याच्या तोडीचं दुसरं काही मी अजून पाहिलेलं नाही, हे मी मनापासून सांगते.

तरीही मी ते रोजच्या धुण्यात घालणं थांबवलं. आमच्या सोसायटीत सांडपाण्याचा प्लांट आहे. तिथल्या ऑपरेटर दादांना विचारलं तेव्हा कळलं की बीओडी, सीओडी (पाण्यात घाण किती उरली याची मापं) आणि पीएच (आम्लता) तपासतात, फॉस्फेट कोणी तपासत नाही. फॉस्फेटमधला थोडा फॉस्फरस प्लांटमधले जिवाणू खातात, बाकीचा शुद्ध म्हणवलेल्या पाण्यातून पुढे जातो. बागेला लागतं तेवढं पाणी वापरून उरलेलं नाल्यात, नाला मुळा-मुठेत, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत आणि भीमा उजनीत. उजनीतून सोलापूरला पाणी जातं. माझी आई काही दिवसांआड येणाऱ्या नळाला पिंप लावते, त्यात येतं ते हेच पाणी.

फॉस्फरसने पाण्याचं काय होतं याचा पुरावा जुना आहे. कॅनडात ओंटारिओमधल्या एका तळ्याचे पडदा टाकून दोन भाग केले होते, १९७३ साली. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे घातला, फॉस्फरस फक्त एकीकडे. फॉस्फरसवाला भाग शेवाळाने हिरवा झाला, दुसरा झाला नाही. डेव्हिड शिंडलर यांचा हा प्रयोग. युरोपीय संघाने २०१३ पासून घरगुती धुण्याच्या पावडरीला एका धुण्यामागे जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम फॉस्फरस एवढी मर्यादा घातली, तीही जड पाण्याचा डोस धरून. एसटीपीपीच्या वजनाचा चौथा हिस्सा फॉस्फरस असतो. म्हणजे माझ्या २८ ग्रॅममध्ये ७ ग्रॅम, त्या मर्यादेच्या १४ पट. आणि एका ग्रॅम फॉस्फरसवर कोरड्या वजनाने शंभर ग्रॅमच्या वर शेवाळ वाढू शकतं.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं होतं त्यात मैला, शेतातली खतं, कारखाने या सगळ्यांचा वाटा आहे, आणि माझ्या मशीनचा त्यात कणभर. पण तो कण मला बंद करता येतो, आणि तो जातो कुठे ते मला नेमकं माहीत आहे. माझ्या टॉवेलच्या मऊपणासाठी आईच्या पिंपातलं पाणी बिघडावं, हे मला पटत नाही.

आता रोजच्या धुण्याला मी फॉस्फरस नसलेलं सोडियम सायट्रेट घरीच करून वापरते. चार भाग लिंबूसत्व पाण्यात विरघळवायचं आणि त्यात वजनाने तीन भाग धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा अ‍ॅश थोडा थोडा घालायचा. फेस जोरात वर येतो, म्हणून मोठी बादली घ्यावी आणि फसफसणं पूर्ण थांबेपर्यंत बाटलीत भरू नये. १५ लिटरला २० ग्रॅम सायट्रेट कागदावर पुरतं, पण कॅल्शियमवरची त्याची पकड एसटीपीपीपेक्षा सैल असते, त्यामुळे मी ३० ग्रॅमच्या हिशेबाने घालते. जोडीला झिओलाइट (कॅल्शियम धरून ठेवणारं खनिज) असलेली पावडर. टॉवेल एसटीपीपीइतके मऊ राहत नाहीत, पण टोचतही नाहीत. पांढऱ्या शर्टांना मात्र कॉलरवर आधी साबण घासावाच लागतो. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पिंपात धरते आणि पांढरे कपडे त्यातच धुते, तेव्हा यातलं काहीच लागत नाही. मशीनच्या नळाला सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) बसवायचा विचारही केला होता, पण त्यातले कॅल्शियम धरणारे रेझिनचे मणी मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात आणि ते खारं पाणी आमच्या बागेतच जाणार, म्हणून तो बेत सोडला.

सोसायटीच्या सभेत मी दोन मागण्या ठेवल्या. प्लांटच्या महिन्याच्या तपासणीत फॉस्फेट घालावं, आणि ते जास्त निघालं तर तुरटीचा डोस द्यावा, कारण तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमला चिकटून फॉस्फेट गाळात बसतं. पहिली मागणी मान्य झाली आहे. तुरटीचा आणि वाढणाऱ्या गाळाचा खर्च किती येईल, त्याचा अंदाज प्लांट चालवणाऱ्यांकडून मागवला आहे.