लाल किल्ला सोमवारी बंद असतो

कोल्हापुरातून दिल्ली बघायला निघणाऱ्यांनी ही ओळ घरातल्या कॅलेंडरवरच लिहून ठेवा. अक्षरधाम, लोटस टेंपल, राष्ट्रीय संग्रहालय हेही सोमवारीच बंद. ताजमहालाची सुट्टी शुक्रवारी. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर मात्र रोज उघडी असते. आम्ही ज्यांच्याकडून सहल घेतली त्या शाहूपुरीतल्या ऑफिसने छापून दिलेल्या कागदावर 'सोमवार : लाल किल्ला' असं ठळक अक्षरात होतं. मी विश्वास ठेवला. तो राग अजून गेलेला नाही.

राग एका तिकिटाचा नाही. माझे वडील, अप्पा, शहात्तर वर्षांचे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पानिपताचा धडा आला की ते हमखास सांगायचे, १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, फौजेला द्यायला पैसा नव्हता, म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं, म्हणजे बादशहाच्या खास दरबाराच्या दालनाचं, चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडली. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. ती जागा त्यांना एकदा डोळ्यांनी बघायची होती. ताजमहाल त्यांच्या यादीत नव्हताच.

मिरजेहून गोवा एक्सप्रेसने गेलो. ती रोज असते आणि थेट हजरत निजामुद्दीनला उतरवते. हुमायूनची कबर तिथून जवळच, म्हणून रविवारी ती आणि कुतुब झालं. कुतुबच्या आत चढायला १९८१ च्या चेंगराचेंगरीपासून बंदी आहे, त्यामुळे वर जायची आशा धरू नका. बाहेरचा लोहस्तंभ मात्र शांतपणे बघा.

सोमवारी सकाळी दहाला आमची एकोणीस जणांची ट्रॅव्हलर लाल किल्ल्यासमोर थांबली. लाहोरी दरवाजा बंद. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आज तो छुट्टी है." मी ऑफिसला फोन लावला. उचलला नाही. अकराला उचलला तो पोऱ्याने, "साहेब अजून आल्यात न्हाईत."

मग मीच सुचवलं की आजच आग्र्याला जाऊ, उद्या किल्ला बघू. आग्रा मंगळवारी ठरलं होतं, सोमवारी ताज उघडा असतो, नुसती अदलाबदल. ड्रायव्हरने मान हलवली, "यूपी का टॅक्स कल का कटा है." आमची गाडी यूपीत न्यायची तर त्या तारखेचा कर आधी भरावा लागणार होता. आजचा भरायचा तर पैसे कोण देणार? ऑफिस. ऑफिसला कोण विचारणार? मी. साडेअकराला साहेब भेटले. "ताई, बाहेरनं बघा की, भिंत तर दिसतीया." मी सांगितलं, भिंत बघायला आम्ही दीड हजार किलोमीटर आलो नाही. "बघतो, फोन करतो," म्हणाले. फोन आला नाही. बाराला मी केला, 'बोलतोय ड्रायव्हरशी.' ड्रायव्हर माझ्या शेजारीच उभा होता, त्याला कुणाचाही फोन आला नव्हता. एकला केला, बिझी. दीडला केला, "साहेब जेवायला गेल्यात, चारनंतर करा."

तोवर गाडीतली मंडळीही कंटाळली होती. काहींनी फोटो काढले, काहींना इंडिया गेटची घाई झाली. मला त्यांचाही राग आला, पण त्यांचं तरी काय चुकलं? आता निघून आग्रा काही होणार नव्हतं. अप्पा साडेतीन तास खिडकीतून किल्ल्याकडे बघत बसले होते. अखेर म्हणाले, "बाळ, ती सगळी जाऊ देत आग्र्याला. आपण उद्या हितंच येऊया."

तेच केलं. मंगळवारी बाकीचे पहाटे निघाले. अप्पा, माझा अकरा वर्षांचा मुलगा आणि मी करोलबागेतून मेट्रोने निघालो. ब्लू लाइनने मंडी हाउस, तिथे व्हायोलेट लाइन, आणि स्टेशनचं नावच लाल किला. कसलीही परवानगी नाही, कुणाला फोन नाही. हे आदल्या दिवशी सुचायला हवं होतं. तिकीट घरूनच मोबाइलवर काढा, रोखीपेक्षा थोडं स्वस्त पडतं, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सोबत मोठी बॅग नेऊ नका, तपासणीत वेळ जातो.

दिवाण-ए-खाससमोर अप्पा पोचले तेव्हा काठी हातात असूनही ताठ उभे होते. नातवाला त्यांनी सगळं सांगितलं. इथलं मयूर सिंहासन १७३९ मध्ये नादिरशहाने नेलं. भाऊंनी छत उतरवलं ते इथलं. मुघल बादशहा शाह आलमला १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी या किल्ल्यात परत आणून गादीवर बसवलं, आणि १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने त्याच बादशहाचे डोळे काढले. आजूबाजूची चार-पाच माणसं थांबून ऐकू लागली, त्यांना मराठी येत नव्हतं तरी. मुलाने विचारलं, "मग आत्ता वर आहे ते छत?" अप्पा म्हणाले, "ते लाकडाचं, नंतरचं." आणि बराच वेळ वर बघत राहिले. त्या क्षणी मला सोमवारचं काही वाटलं नाही.

चांदणी चौकात जायचं असेल तर दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारगाड्या सोडत नाहीत. किल्ल्यासमोरून सायकलरिक्षा करा, भाव आधी ठरवून.

कोल्हापूरला परतल्यावर तिघांचे आग्र्याचे पैसे मागायला गेले. उत्तर मिळालं, "तुमीच गेला न्हाईसा न्हवं?" मी तिथेच बसून लेखी अर्ज दिला, छापील कार्यक्रमाची प्रत जोडली आणि माझ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. महिना झाला. पुढच्या आठवड्यात तोच कागद घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. सहल ठरवताना छापील कागद मागून घ्या, तोंडी बोलण्यावर राहू नका. माझ्याकडे तो कागद आहे म्हणूनच बोलता येतंय.