पझेशन सेव्ह अपडेट: ७० व्या मिनिटानंतर पासिंग का ढेपाळतं

मंडळी, फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेममधल्या माझ्या ४-३-३ (चार डिफेंडर, तीन मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड) सेव्हचा, म्हणजे बॉल स्वतःकडे ठेवून खेळायच्या माझ्या सुरू असलेल्या खेळाचा, पुढचा अपडेट. शॉर्ट पासिंग आता मस्त बसलंय, पहिला तासभर टीम बघायला खरंच मजा येते, पण सत्तरीच्या पुढे सगळं विस्कटायचं म्हणून यावेळी फक्त दमण्याच्याच मागे लागलो होतो.

परवाची मॅच घ्या. आपण १-० ने पुढे. डावा मिडफिल्डर, पासिंग १६ (गेममधले हे गुण २० पैकी असतात), वर्क रेट १७ पण स्टॅमिना ११, म्हणजे हा सगळीकडे पळणार आणि सगळ्यात आधी दमणार. ७३ व्या मिनिटाला सेंटर बॅककडून साधा पास आला, पहिलाच टच लांब गेला, कसाबसा वळून मागे द्यायला गेला तर बॉल अर्ध्या वाटेतच थांबला आणि त्यांचा स्ट्रायकर एकटा आत. गोल. त्याच्या नावापुढचं हार्ट (किती दम उरलाय ते दाखवणारं चिन्ह) आधीच नारिंगी झालं होतं. प्रोफाइलवर १६ दिसतात हो, पण दमलेल्या पायांत ते १६ उरत नाहीत.

माझं आता ठाम मत झालंय की पास देऊन कोणी फारसं दमत नाही, बॉल गेल्यावर तो परत मिळवायला जी पळापळ होते तिथे पाय संपतात. म्हणून लीड मिळाली की टेम्पो एक खाच खाली, काउंटर-प्रेस (बॉल गेल्या गेल्या तो परत घ्यायला तुटून पडणं) बंद, प्रेसिंगची लाइन मधे आणि कीपरला सांगायचं की लांब मारू नको, सेंटर बॅकला दे. चान्स कमी होतात हे मान्य, पण बॉल आपल्याकडे असताना पोरं श्वास घेतात. २०१० च्या वर्ल्डकपमध्ये स्पेनने नॉकआउटच्या चारही मॅच १-० नेच काढल्या होत्या, बॉल स्वतःकडे ठेवणं हाच त्यांचा डिफेन्स होता. मागे असाल तर मात्र हे काही कामाचं नाही, तेव्हा टेम्पो लागतोच.

दुसरं म्हणजे फुलबॅक. दोघांनाही ओव्हरलॅपला, म्हणजे कडेने पुढे पळायला, सोडलं की तेही मिडफिल्डर्सइतकेच संपतात, त्यामुळे एकाला आत मिडफिल्डजवळ खेळवतोय, त्याचं पळणं कमी झालं आणि पासला जवळचा एक माणूसही वाढला, हा बदल मला सगळ्यात जास्त आवडला.

सब, म्हणजे बदली खेळाडू, पाच मिळतात (खऱ्या फुटबॉलमध्ये २०२० पासून आले, २०२२ मध्ये नियमात कायम झाले) पण खेळ थांबवून करायच्या संधी तीनच, हाफटाइमचे त्यात धरत नाहीत. म्हणून साठीलाच दोघं एकदम बदलतो. आणि हो, दोन मॅचमधली रिकव्हरी नॅचरल फिटनेसवर असते, स्टॅमिनावर नाही, साइनिंग करताना दोन्ही बघा.

पुढच्या आठवड्यात लागोपाठ तीन मॅच आहेत, तिथे खरा कस लागेल. मधले दोन्ही मिडफिल्डर एकदम बदलले तर पासिंगची लय तुटते का, कोणी करून बघितलं असेल तर सांगा.