समुद्र लांब, रील कपाटात

बडोद्यात राहून समुद्रावर मासे गरवायचे म्हणजे वर्षातून दोन-तीन फेऱ्या, त्याही सुट्ट्या जुळल्या तर. जवळ आहे ते खंभातचं आखात. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव भरतीत बुडतो आणि ओहोटीला लांबवर चिखल उघडा पडतो. उभं राहून गरी फेकावी अशी वाळू तिथे मला मिळाली नाही. म्हणून आमची वारी आईच्या माहेरी, गुहागरला. रेल्वेने चिपळूण, पुढे एसटी.

पहिली रील, म्हणजे रॉडला लावायची दोरी गुंडाळणारी चरखी, मी नंबर बघून घेतली. 10000 नंबर, म्हणजे मोठी, म्हणजे लांब फेकणार, असा हिशेब केला. जड होती, स्पूल (दोरी गुंडाळली जाते ती फिरकी) आखूड आणि खोल. होडीतून मासेमारीला ती उत्तम, पण किनाऱ्यावरून चार औंसाचं शिसं पहिल्या लाटेतच पडायचं. मामा बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "अरे, दुसऱ्या लाटेपलीकडे पाणी काळं दिसतंय ना, रावस तिथे फिरतो. तुझी गरी तिथवर पोचतेय कुठे?"

परत आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागलो. फेकताना दोरी स्पूलच्या कडेला घासत बाहेर पडते आणि अंतर खातं ते हे घासणं. स्पूल रुंद आणि लांब असला, पुढे किंचित निमुळता असला, की तेवढीच दोरी कमी वेढ्यांत सुटते आणि शेवटपर्यंत कडेजवळ राहते. म्हणून सर्फच्या, म्हणजे किनाऱ्यावरून लांब फेकायच्या रीलमध्ये स्पूलची पुढे-मागे चाल 35 किंवा 45 मिलीमीटर असते. शिमानोची अल्टेग्रा, दाइवाची क्रॉसकास्ट अशा रील बघितल्या. शेवटी 35 वाली घेतली, कारण 13 फुटी रॉडला ती लावून पहाटेपासून दुपारपर्यंत फेकायचं तर वजन मनगटाला कळतं.

सरावासाठी बडोद्याजवळच्या पादरा गावाकडे ओळखीच्यांचं कापणी झालेलं शेत होतं. गळ न लावता नुसतं शिसं फेकायचं, समोर माणूस-जनावर नाही ना हे बघून, आणि मग पावलं मोजत जायचं. तिथे एक गोष्ट पक्की कळली. दोरी कडेच्या 5 मिलीमीटर खाली होती तेव्हा 75 पावलं. तोच रॉड, तेच शिसं, फक्त खाली मोनोचं (साध्या एकपदरी नायलॉन दोरीचं) अस्तर वाढवून दोरी कडेखाली दीड-दोन मिलीमीटरवर आणली, तर 90च्या पुढे. रील बदलण्याआधी प्रत्येकाने एवढं करून बघावं. मात्र काठोकाठ भरली तर ब्रेडची (विणलेल्या बारीक दोरीची) वेटोळी एकदम सुटतात आणि गुंता होतो. ब्रेडच्या पुढे जाड लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसणारा दोरीचा तुकडा, हवाच. शिशाच्या प्रत्येक औंसाला लीडरची 10 पौंड ताकद हे प्रमाण, म्हणजे चार औंसाला 40. मी 50 लावतो. ब्रेड तुटली तर शिसं गोळीसारखं सुटतं.

त्या नव्या रीलची चूक माझ्याच हातून झाली. दिवाळीच्या फेरीनंतर अंगणातल्या नळीने जोरात धुतली, ओल्या कव्हरातच कपाटात ठेवली. मे महिन्यात काढली तर बेलवरचा (स्पूलवर दोरी घालणाऱ्या तारेच्या कडीवरचा) दोरी वळवणारा रोलर जाम. मकरपुरा जीआयडीसीत (बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत) लेथवर काम करतो, त्यामुळे खोलायला भीती वाटली नाही. आतलं बेअरिंग 4×7×2.5 मिलीमीटर, शर्टाच्या बटणाहून लहान, गंजाने लाल झालेलं. रोलर फिरत नाही, मग दोरी त्यावर घासत गुंडाळली जाते आणि पीळ घेते. त्या सहाएक महिन्यांत मी एकदाही हँडल फिरवलं नव्हतं. आमच्यासारख्या लांब राहणाऱ्यांची रील वापरून जात नाही, पडून राहून जाते.

आता गुहागरलाच, मामाच्या पडवीत, निघायच्या आधी सगळं करतो. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सुटू देणारा ब्रेक) आवळायचा, झारीने गोडं पाणी हलकं शिंपडायचं. जोराचा फवारा कधीच नाही. तो मीठ आणि वाळू आत ढकलतो. बादलीत बुडवायचीही नाही. पुसून, स्पूल काढून सावलीत वाळवायची. मग ड्रॅग पूर्ण सैल, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. रोलरला पातळ तेलाचा एक थेंब, गिअरला ग्रीस. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या क्लचमध्ये मात्र ग्रीस नको. एकदा मी तिथे लावलं आणि हँडल उलटं घसरायला लागलं. सगळं धुऊन पुन्हा पातळ तेल देईपर्यंत रविवार गेला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रील कपाटातून काढतो, हँडल वीसेक वेढे फिरवतो, रोलर बोटाने फिरवून बघतो. दिवाळीची तिकिटं काढली आहेत. रोलर मोकळा आहे.