तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्क बदलायची, पण विंडोज पुन्हा टाकायचं नाही

"लॅपटॉप जुना झालाय, सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो. एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) टाकली तर फरक पडेल का? आणि आत्ता जे काही आहे ते जसंच्या तसं नव्या डिस्कवर जाईल का?" हे दोन प्रश्न नेहमी जोडीनेच येतात. फरक पडतो आणि सगळं जसंच्या तसं जातंही. पण क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, फसला की लोक दोष देतात कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमला, आणि बहुतेक वेळा गडबड त्याआधीच झालेली असते. म्हणून इथे कॉपीपेक्षा तिच्या आधीच्या तासाभराबद्दल जास्त सांगायचं आहे.

आधी फरक का पडतो ते. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला 5400 फेरे मारते. म्हणजे एका फेऱ्याला साधारण 11 मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, आणि हेड त्या जागी सरकायला आणखी 12 मिलिसेकंदांच्या आसपास. सेकंदाला अशी साठ-एक वाचनं झाली की डिस्क दमते, आणि विंडोज सुरू होताना तर हजारो छोट्या फाइल इकडून तिकडून वाचाव्या लागतात. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे हाच वेळ एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागावर येतो. म्हणून लॅपटॉपचा साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) जुना, 3 गिगाबिटचा असला तरी काळजी करू नका. 6 गिगाबिटची एसएसडी त्यावर चालते. मोठी फाइल कॉपी करताना वेग 550 ऐवजी 280 मेगाबाइटपर्यंत अडेल, पण रोजच्या वापरातला फरक त्या आकड्यात नसतोच.

डिस्क घेताना आतली जुनी डिस्क एकदा बघून घ्या. अडीच इंची साटा असेल तर सरळ काम आहे. नवी एसएसडी 7 मिलिमीटर जाडीची असते, जुनी डिस्क बऱ्याचदा 9.5 मिलिमीटरची. मधल्या अडीच मिलिमीटरसाठी प्लॅस्टिकची चौकट लावावी, नाहीतर एसएसडी कप्प्यात हलत राहते आणि कनेक्टरवर ताण येतो. डिस्कच्या टोकाला पट्टीसारखा कनेक्टर नसून पिनांच्या दोन रांगा दिसल्या, तर ती साटाच्या आधीची आयडीई आहे. तिथे साटा एसएसडी बसणार नाही.

आता मुख्य गोष्ट, जुन्या डिस्कची तब्येत. क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचा तक्ता, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, उघडा आणि दोन ओळी बघा: 05 आणि सी5. आकडे शेवटच्या रकान्यातले घ्यायचे, आणि ते मुळात हेक्समध्ये (सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीत) दिसतात हे लक्षात ठेवा, तिथला 10 म्हणजे आपला 16. ओळ 05 म्हणजे खराब झालेले आणि राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे. तो आकडा छोटा आणि स्थिर असेल तर क्लोनला अडचण नाही. सी5 मात्र गंभीरपणे घ्या. वाचायचा प्रयत्न केला, वाचता आला नाही आणि पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, असे सेक्टर त्यात मोजले जातात. क्लोन करताना प्रोग्रॅम अशा जागेवर आला की डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते. टक्केवारी 43 वर अडकते, शेवटी "रीड एरर" येऊन सगळं थांबतं. आणि लोक नवी एसएसडी बदलून आणायला निघतात!

सी5 शून्य नसेल तर क्रम बदला. सगळ्यात आधी फोटो, कागदपत्रं, जे पुन्हा मिळणार नाही ते दुसरीकडे कॉपी करा. "चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासणारं साधन) लावून दुरुस्त करून घेऊ" हा मोह टाळा. बॅड सेक्टर शोधण्याच्या पर्यायासह चेकडिस्क अख्खी डिस्क वाचून काढते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढे श्रम पुरेसे होतात. अशा डिस्कसाठी लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम आहे. ते पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं, आणि कुठे काय राहिलं ते एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. अडलेल्या जागांशी झुंज नंतरच्या फेऱ्यांत. मध्येच वीज गेली तरी त्या फाइलमुळे काम तिथून पुढे सुरू होतं.

डिस्क धडधाकट असेल तर तयारी तीन गोष्टींची. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ते बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या, आणि त्याआधी 48 अंकी रिकव्हरी की लॅपटॉपच्या बाहेर लिहून ठेवा. दुसरं, फास्ट स्टार्टअप. त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं, आणि बाहेरून क्लोन करणारे प्रोग्रॅम असं विभाजन (डिस्कचा सी ड्राइव्हसारखा भाग, पार्टिशन) नाकारतात. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं की ते खरोखर बंद होतं.

तिसरं माप. 500 जीबीची हार्ड डिस्क विंडोजमध्ये 465 दिसते, 480 जीबीची एसएसडी 447. वापरलेली जागा 150 जीबीच असली तरी क्लोनझिला हा क्लोन करणारा प्रोग्रॅम एरवी लहान डिस्क नाकारतो, कारण विभाजनं जुन्या डिस्कच्या शेवटापर्यंत पसरलेली असतात. सी ड्राइव्ह आकसून घेतला तरी त्याच्यामागे, अगदी टोकाला, रिकव्हरीचं छोटं विभाजन बसलेलं असतं. तेही जीपार्टेड या विभाजनं हलवणाऱ्या प्रोग्रॅमने पुढे सरकवावं लागतं. पैसे वाचवण्यासाठी किंचित लहान एसएसडी घेऊ नका, त्या बचतीत एक अख्खी संध्याकाळ जाते.

नवी डिस्क आत बसवायची की यूएसबी केबलला लावायची? नवी आत, जुनी यूएसबीला, आणि क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा, ही पद्धत उत्तम. एक तर डिस्क लॅपटॉपला ओळखू येते की नाही ते कॉपीच्या आधीच कळतं. शिवाय काही यूएसबी डॉक (डिस्क बाहेरून जोडायची पेटी) सेक्टर 512 ऐवजी 4096 बाइटचा दाखवतात. नवी डिस्क तिथे लावून क्लोन केली की आत बसवल्यावर विभाजनं जुळत नाहीत. मात्र फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना एक अँपिअरपर्यंत करंट लागू शकतो आणि यूएसबी 2 चा पोर्ट अर्धाच देतो. डिस्क टकटक करून थांबली तर ती मेली असं समजण्याआधी यूएसबी 3 चा पोर्ट किंवा वेगळा पॉवर असलेली केबल वापरून बघा. वेळही पोर्टवरच ठरतो: 200 जीबीला यूएसबी 2 वर पावणेदोन तास, यूएसबी 3 वर साधारण पाऊण तास.

उघडताना चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण 15 सेकंद दाबून ठेवा. बॅटरी आत असेल तर झाकण निघाल्याबरोबर पहिल्यांदा तिचा कनेक्टर सोडवा. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली लपलेला असतो. डिस्क वर उचलायची नाही, कनेक्टरपासून आडवी मागे सरकवायची. काही लॅपटॉपमध्ये कनेक्टर मदरबोर्डवर नसून पातळ पट्टीसारख्या केबलवर असतो. ती डिस्कला धरून ओढली तर वळणापाशी चिरते, आणि चीर डोळ्यांना दिसत नाही. नंतर स्मार्टच्या सी7 ओळीतला आकडा वाढत राहतो, तो या केबलचाच निरोप. जुन्या डिस्कभोवतीचा पत्र्याचा कप्पा आणि त्याचे चार स्क्रू नव्या डिस्कला लावायला विसरू नका.

क्लोन करताना अख्खी डिस्क निवडा. फक्त सी घेतला तर सुरुवातीचं शंभर-एक मेगाबाइटचं ईएफआय विभाजन, ज्यात लॅपटॉप सुरू करणाऱ्या फाइल असतात, राहून जातं आणि लॅपटॉपला सुरू कुठून व्हायचं ते सापडत नाही. कुठून कुठे कॉपी करायचं ते ठरवताना आकारावर जाऊ नका, मॉडेल नंबर वाचा. उलट्या दिशेने झालेला क्लोन परत फिरत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क यूएसबीवरून काढलेली हवी. दोन्हींची ओळखखूण एकच असल्यामुळे विंडोज गोंधळतं. 0एक्ससी000000ई असा एरर आला तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट ही कमांड चालवून सुरुवातीच्या फाइल पुन्हा तयार करा. 0एक्स7बी आला तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) साटाचा मोड बघा. एएचसीआय आणि आयडीई यांतला जो आधी होता तोच ठेवला की सहसा सुरू होतं.

एक्सपीच्या काळापासून क्लोन होत आलेली डिस्क असेल तर सिस्टम इन्फॉर्मेशनमध्ये पहिल्या विभाजनाचा स्टार्टिंग ऑफसेट, म्हणजे ते डिस्कवर कितव्या बाइटला सुरू होतं ते, बघा. 32,256 दिसला तर तो 4096 ने भागला जात नाही, आणि एसएसडीला प्रत्येक लिखाणात जादा काम पडतं. हा आकडा 1,048,576 असायला हवा.

विंडोज मुळातच बिघडलेलं असेल, व्हायरस असेल, तर क्लोन करू नका. ते सगळं दुखणं नव्या डिस्कवर जसंच्या तसं येतं. विंडोज 10 किंवा 11 चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, त्यामुळे तीच आवृत्ती नव्याने टाकताना लायसन्सची की विचारली तरी ती पायरी सोडून पुढे जाता येतं.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. तिच्यावर क्लोनची तारीख लिहून, स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत महिनाभर तशीच ठेवा.