कातीव खुर्चीची बैठक पुन्हा विणताना

घर रिकामं करणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून ही खुर्ची माझ्याकडे आली. कातीव पाय, कातीव दांड्या आणि विणलेली बैठक, पण मधोमध हात जाईल एवढी फाटलेली. ते ती टाकूनच देणार होते. मी सहज उलटी करून पाहिली, तर पायांवर गोल फिरलेल्या बारीक रेघा दिसल्या. आडव्या दांड्यांची भोकं कुठं पाडायची ते कारागिरानं, पाय लेथवर फिरत असतानाच, टोकदार हत्यारानं आखून ठेवलं होतं. त्या रेघा पाहिल्यावर खुर्ची सोडून येणं मला शक्य नव्हतं.

घरी आणून पहिल्यांदा पाय मोजले. एका बाजूनं ३८ मिलिमीटर भरले, काटकोनात मोजल्यावर साडेछत्तीस. लाकूड वाळताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. त्यामुळे ओलं असताना गोल कातलेला पाय पुढे किंचित लंबगोल होतो. असे कारागीर पाय थोडे ओलसर ठेवत आणि दांड्या खडखडीत वाळवून घेत. पाय आकसला की दांडीचं टोक आपोआप आवळलं जातं. आपल्या खुर्चीच्या लाकडात हे सगळं मापानं वाचता आलं, याचा मला फार आनंद झाला.

मला लगेच विणायला बसायचं होतं. पण डुगडुगणाऱ्या सांगाड्यावर विणणं म्हणजे केलेलं काम वाया घालवणं. बैठक पूर्ण झाली की वरच्या चार दांड्यांचे सांधे पुन्हा उघडता येत नाहीत. सैल सांध्यांपैकी एकात पूर्वी कोणीतरी खिळा ठोकला होता आणि त्याच खिळ्यानं पाय उभा चिरला होता. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, खिळा हलत नाही, आणि ताण शेवटी लाकडावरच येतो. तो खिळा काढायला मला अख्खी संध्याकाळ लागली. जुना सरस गरम पाण्याच्या फडक्यानं मऊ पडला. सांधे खरवडून साफ केले, नवा सरस लावला आणि सगळं दोरीनं आवळून दोन दिवस बाजूला ठेवलं. सरसच वापरला, कारण उद्या कोणाला सांधा पुन्हा उघडावा लागला तर उष्णता आणि ओलाव्यानं तो सुटतो.

जुनी बैठक पाणकणसाच्या पात्यांना पीळ देत विणलेली होती. आधी फोटो काढले, मग कापली. वरचा आणि खालचा थर यांच्यामध्ये तुटक्या पात्यांचं भरण निघालं, अजून गवताचा मंद वास असलेलं. वरची पाती पिळलेली, खालची जवळजवळ तशीच सपाट. जिथं हात-डोळा पोचतो तिथं गोलाई, बाकी ठिकाणी मेहनत वाचवलेली. मला हा हिशोब मनापासून आवडला.

तशी पाती कापून, वाळवून, पुन्हा भिजवून विणण्याइतका हात माझ्याकडे नव्हता, म्हणून पाच मिलिमीटर जाडीची कागदी पिळाची दोरी घेतली. कागद म्हटल्यावर मन कचरलं होतं. पण डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांनी १९४९ साली रेखाटलेल्या, इंग्रजी वायच्या आकाराची पाठ असलेल्या खुर्चीची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीनंच विणतात, आणि ती खुर्ची आजही बनते. ते आठवून धीर आला. वरच्या दांड्यांच्या कडा कानशीनं गोल केल्या, कारण धारदार कडेवर दोरी हळूहळू कापली जाते.

खरा घोळ पुढच्या कोपऱ्यांत होता. बैठक पुढे ४८ सेंटिमीटर रुंद, मागे ३८. सरळ फेरे घेत गेलं तर मागची दांडी आधी भरते आणि पुढे जागा उरते. म्हणून आधी फक्त पुढचे दोन कोपरे भरायचे, प्रत्येकी पाच सेंटिमीटर, म्हणजे दहा-दहा दोऱ्या. आखूड तुकड्याचं टोक डाव्या दांडीच्या आतल्या बाजूला बारीक खिळ्यानं पक्कं करायचं, पुढच्या दांडीवरून खाली, मधल्या पोकळीतून वर, डाव्या दांडीवरून खाली, मग पलीकडे उजव्या कोपऱ्यात तेच उलट क्रमानं, आणि टोक उजव्या दांडीला. हे झालं की मोकळी चौकट समोरासमोर सारखी होते आणि मग चारही कोपऱ्यांतून अखंड फेरे सुरू होतात.

दोरी अर्धं मिनिटच भिजवायची. पहिल्या दिवशी मी जास्त वेळ ठेवली आणि पीळ उलगडला, तो तुकडा गेला. ओली दोरी ओढून घट्ट बसवली की वाळताना आणखी ताणली जाते.

चौदाव्या फेऱ्याला काहीतरी खटकलं. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावून पाहिला तर डाव्या कोपऱ्यातल्या दोऱ्या काटकोन सोडून तिरक्या चालल्या होत्या. सुरुवातीला केसभर असलेला फरक प्रत्येक फेऱ्यानं वाढत गेला होता. आठव्या फेऱ्यापर्यंत सगळं उसवलं. त्यानंतर दर तीन फेऱ्यांनी गुण्या लावायचा आणि लाकडी पाचर ठेवून हलक्या हातोड्यानं दोऱ्या एकमेकींना भिडवायच्या, हा नेम धरला. कोणी हे काम करणार असेल तर मी एवढंच विनवीन: कोपऱ्याचा काटकोन जपा. चार त्रिकोण मध्यभागी मिळतात ती रेषा नंतर कशानंही सरळ करता येत नाही.

अधूनमधून दोन थरांमध्ये पुठ्ठ्याचे त्रिकोण सरकवले, आणि सोबत जुन्या बैठकीतली मूठभर पातीही. एकतीस फेऱ्यांत बाजूच्या दांड्या भरल्या. मधली सात सेंटिमीटरची फट इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घेत पुढून मागे भरली. तिथं बोटं आत जात नाहीत, दोरी सुईसारख्या वाकड्या तारेनं ओढावी लागते. बोटांची सालं त्या शेवटच्या दोन तासांत निघाली.

शंभर मीटरच्या गुंडाळीतली थोडीशीच उरली. दोन दिवस वाळल्यावर बैठकीवर बोटानं टिचकी मारली, तर डफासारखा आवाज आला. मग चपडी लाखेचे दोन पातळ हात दिले. पायांना जवसाचं तेल चोळलं आणि तेलाची फडकी पसरून वाळवली, कारण बोळा करून ठेवलेलं असं फडकं आपोआप पेटू शकतं.

आता खुर्ची रोजच्या वापरात आहे. खालून पाहिलं तर जोडाच्या चौदा गाठी मोजता येतात. उजव्या पुढच्या कोपऱ्याजवळची जरा फुगीर आहे. ती टोचत नाही, म्हणून तशीच ठेवली.