आजीचा रात्रीचा चमचा

आमच्या आजीकडे पोटाच्या सगळ्या तक्रारींवर एकच उत्तर होतं, रात्री झोपताना कोमट पाण्यातून चमचाभर सोनामुखीचं चूर्ण, आणि सकाळी उठल्या उठल्या प्रश्न, "झालं का रे साफ?" चव अशी की नाक दाबूनच घ्यायचं, आणि ग्लासच्या तळाला हिरवट गाळ उरला की तोपण पाणी घालून प्यायला लावायची.

पण रात्रीच का? तर सोनामुखीच्या पानात सेनोसाइड नावाचे अँथ्राक्विनोन गटातले पदार्थ असतात, ते लहान आतड्यात फारसे शोषलेच जात नाहीत, तसेच खाली मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले बॅक्टेरिया त्यातली साखर तोडून ऱ्हाइन अँथ्रोन बनवतात, खरं काम करतं ते हे. आतडं जोरात हलायला लागतं, पाणी कमी शोषलं जातं. या सगळ्याला साधारण ६ ते १२ तास लागतात, म्हणजे रात्री घेतलं की बरोबर सकाळी नंबर! कधीकधी लघवी पिवळी-तांबूस दिसते, घाबरू नका, रंग त्याचाच.

पण "नैसर्गिक आहे, रोज घ्या" म्हणणाऱ्यांचा मला जाम राग येतो. महिनोन्‌महिने घेतलं तर पोटॅशियम कमी होऊ शकतं, आतड्याचं अस्तर आतून काळपट पडतं (बंद केल्यावर ते हळूहळू जातं म्हणा). वजन कमी करायला तर अजिबात नको, जातं ते पाणी, चरबी जागेवरच.

आजी मात्र दोन दिवसांच्या वर कधीच द्यायची नाही, तिसऱ्या दिवशी सरळ मुगाची खिचडी आणि तूप.