कमी पिकलेल्या सालची बाटली

मामेभाऊ फ्रान्समध्ये ल्योंला असतो. मागच्या दिवाळीत तो येणार म्हटल्यावर मी त्याला मेसेज टाकला, चॉकलेट नको, परफ्यूम नको, तिथल्या बरगंडी भागातली एक रेड वाइन आण, गावाचं नाव फिसँ, साल २०२१, म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांची. त्या गावाचं स्पेलिंग बघून आपण फिक्सिन वाचतो पण तिथली माणसं फिसँच म्हणतात. दुकानदारानं भावालाच उलटं विचारलं म्हणे, २०२१ कशाला घेता, २०१९ घ्या नाहीतर २०२० घ्या, दोन्ही सालं कशी भरदार आहेत, २०२१ जरा बारीक, म्हणजे पातळ आहे. भावानं दुकानातूनच फोन लावला, काय करू म्हणून. म्हटलं बारीकच पाहिजे, तीच आण.

मला ती का पाहिजे होती ते नीट सांगायचंय, कारण या वाइनबद्दल जे बोललं जातं ते मला खरंच पटत नाही.

आमचं गाव तासगावच्या बाजूला, घरची चार एकर द्राक्षबाग, सुपर सोनाका आणि थोडी थॉमसन, निम्मा माल मार्केटला आणि निम्म्याचा बेदाणा. पलूसला वाइन पार्क उभा राहिला तेव्हा आमच्या पट्ट्यात वाइनच्या द्राक्षांची लई चर्चा होती, आमच्या एका पाहुण्यांनी एक एकर लावलेलीसुद्धा, पुढं काढून टाकली. त्या एका एकरात मी लहानपणी फिरलोय, बारीक मणी, जाड बी, खायला काही मजा नाही, आणि तेव्हापासून डोक्यात होतं की हे खाण्याचं द्राक्ष नाहीच, तर मग हे आहे तरी काय. नंतर पुण्यात नोकरीला असताना वाइन चाखायला लागलो, वाचायला लागलो, आणि फिरून फिरून बरगंडीवर यायला लागलो, कारण तिथं सगळी गोष्ट रानाची आहे. आपल्याकडं कसं, वरच्या रानातली द्राक्षं आणि ओढ्याकाठची द्राक्षं यात फरक असतो हे बागायतदाराला माहीत असतं पण व्यापाऱ्याला त्याचं काही नसतं, तो शुगर आणि मण्याची साइज बघतो. तिथं त्या फरकावरच सगळी किंमत उभी आहे, रेड म्हटलं की बहुतेक एकच जात, पिनो न्वार, आणि बांध ओलांडला की नाव बदलतं, दर बदलतो. अशा तिथल्या शेतांच्या तुकड्यांना ते क्लिमा म्हणतात आणि २०१५ मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

आता फिसँचं दुखणं काय, तर शेजार. डिजॉं शहरातून दक्षिणेला निघालं की दहा-बारा किलोमीटरवर हे गाव, आणि त्याच्या खालीच जेव्ह्रे-शांबेर्तँ, ज्याच्याकडं एकट्याकडं नऊ ग्राँ क्र्यू आहेत, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची नऊ रानं. फिसँकडं एकही नाही. प्रिमिये क्र्यू आहेत, म्हणजे त्याच्या खालचा दर्जा, पण जगात लोक जेव्ह्रे मागतात आणि फिसँ म्हटलं की कुठं आलं विचारतात. तिथल्या बागायतदाराला आपली वाइन फिसँ नावानं विकायची नसेल तर कोत द न्वी-व्हिलाज या सामायिक नावाखाली विकायची मुभा आहे, आणि कितीतरी वर्षं बऱ्याच जणांनी तसंच केलं, मग गावाचं नाव व्हायचं कसं. गाव माहीत आहे ते नेपोलियनच्या पुतळ्यासाठी, नेपोलियनबरोबर एल्बा बेटावर गेलेला नुआझो नावाचा त्याचा एक जुना सैनिक होता, त्यानं पदरचे पैसे घालून १८४७ मध्ये रूद या शिल्पकाराकडून तो करून घेतला. वाइनबद्दल मात्र एकच शेरा, रांगडी आहे, राठ आहे, थांबावं लागतं.

आणि त्यात साल २०२१.

त्या वर्षी मार्चच्या शेवटी फ्रान्समध्ये अवेळी ऊन पडलं, वेली वेळेआधी जाग्या झाल्या, काडीवरचे डोळे फुगले, आपण जिला पोंगा अवस्था म्हणतो तशी अवस्था. आणि मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सलग काही रात्री पारा शून्याच्या खाली, मध्येच बर्फ पडून डोळे ओले झालेले, त्यावर परत गोठवणारी रात्र. शार्दोने ही पांढऱ्या वाइनची जात लवकर फुटते म्हणून तिच्या बागा जास्त गेल्या, पिनो थोडी मागं होती म्हणून तिच्यातलं काही वाचलं. रात्री बागेत ओळीनं मोठमोठ्या मेणाच्या डब्यांच्या मेणबत्त्या लावलेल्या, पहाटे गवताच्या गाठी पेटवून धूर केलेला, कारण गोठलेल्या कोंभावर सकाळचं ऊन थेट पडलं की तो भाजून निघतो. निफाडकडं थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच समजेल. फ्रान्सच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी याला एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीची बहुधा सगळ्यात मोठी शेतीची आपत्ती म्हटलं होतं. आणि एवढ्यावर थांबलं नाही, उन्हाळा गार आणि पावसाळी गेला, डाऊनी आली, भुरी आली, दोन्ही बुरशीचे रोग, जे वाचलं होतं ते सांभाळायला परत फवारण्या.

त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडं अवकाळी पाऊस झाला ते इथल्या कुणाला विसरता येणार नाही. आमचा एक प्लॉट फुलोऱ्यात होता, दोन दिवस ढग हटले नाहीत, तिसऱ्या दिवशी आप्पा एकेक घड हातात धरून नुसता हलवत होते आणि कळ्या खाली पडत होत्या, बोलत काही नव्हते. म्हणून फ्रान्सच्या त्या रात्रींचे फोटो मी पहिल्यांदा बघितले तेव्हा मला ते मेणबत्त्यांचे फोटो सुंदर वगैरे वाटलेच नाहीत.

बाटली आली तेव्हा दिवाळी होती, नंतर मार्गशीर्ष लागला, आमच्या घरात महिनाभर काही नाही, त्यामुळं ती कपाटात खालच्या फळीवर आडवी पडून राहिली. प्रवासातनं आलेली वाइन थोडी निवू द्यावी म्हणतात, तेही झालं. जानेवारीत एका रविवारी काढली, बागेत मण्यात पाणी उतरायला लागलं होतं, म्हणजे मणी पिकायला लागले होते, संध्याकाळी बऱ्यापैकी थंडी, तरी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची हे जे ऐकलेलं असतं ते तिकडच्या खोल्यांसाठी आहे, पंधरा-सोळा डिग्रीसाठी, सांगलीच्या एप्रिलसाठी नाही.

आईनं मटण केलं होतं. मी तिला आधीच सांगून अळणी वाटीभर बाजूला काढायला लावलं होतं, मसाला घालायच्या आधीचं, नुसतं हळद मीठ आल्या-लसणातलं. तांबड्या रश्श्याबरोबर ही वाइन कृपा करून घेऊ नका, तिखटापुढं ती नुसती आंबट पाणी लागते आणि मग लोक म्हणतात बारीक आहे. अळणीबरोबर घ्या.

रंग सांगतो. ग्लास तिरका करून पेपरवर धरला तर खालची अक्षरं वाचता येत होती, कोकम सरबतापेक्षा थोडा गडद, कडेला विटकरी झाक यायला नुकती सुरुवात. पहिला वास फार काही नव्हता, मी जरा धास्तावलो. वीस मिनिटांनी ग्लासातनं अर्धवट पिकलेल्या करवंदाचा वास यायला लागला, मग तुतीचा, आणि त्याच्या खाली बीट चिरताना येतो तसला मातीचा, एखादी लवंग कुठंतरी. जिभेवर पातळ आहे, हे खरंच आहे, तोंड भरून टाकत नाही, अल्कोहोल साडेबारा टक्के. पण गिळल्यावर जे राहतं ते कितीतरी वेळ राहतं, आंबटपणा चिंचेसारखा समोरून अंगावर येत नाही, मागून येतो आणि परत एक घोट घ्यावासा वाटतो. राठपणा मला कुठं सापडला नाही, जी फिसँ एरवी दहा वर्षं थांबायला लावते असं म्हणतात ती इथं आत्ताच मोकळी झालेली. २०१८, २०१९, २०२० ही तिन्ही उन्हाची सालं, त्यांच्या बाटल्यांमध्ये मला ऊन आधी लागतं आणि गाव नंतर. या बाटलीत ऊन नाहीच, त्यामुळं मधे कोण येत नाही. भरदार म्हणजे चांगली आणि पातळ म्हणजे कमी हा हिशोब पिनोला लावायचाच कशाला, मला कळत नाही.

एक मात्र सांगायला पाहिजे. पीक कमी आलं म्हणून रस घट्ट होतो असं सरसकट लिहिलेलं वाचायला मिळतं, ते तसं नाही, आणि हे मला आप्पांनी दाखवलं. ते पीत नाहीत. पण बूच हातात घेऊन वास घेत बसले होते, मी त्यांना त्या वर्षीचं सगळं सांगितलं तर म्हणाले, "मुख्य डोळा जळला की बाजूचा फुटतोय, पण त्यात घड कुठला, नुसती काडी वाढती. पाला लई आणि घड चार. ते चार घड पिकवायचं म्हंजे पाला काढत बसायचं, न्हायतर सावलीत राहत्यात." म्हणजे घड कमी असले तरी ते आपोआप गोड होत नाहीत, कुणीतरी रोज बागेत असतं म्हणून होतात. मी म्हटलं तिकडं एरवीसुद्धा गावच्या रेडला हेक्टरी चाळीस हेक्टोलिटरच्या आसपास मर्यादा आहे, आपल्या हिशोबात एकरी दोन टन द्राक्षं. आमच्याकडं दहा-बारा टन निघतो. आप्पांनी दोनदा विचारलं, दोनच? आणि त्यातलं पण गेलं? मग म्हणाले, "मग ह्यो बाटली महाग विकतोय त्यात काय चुकलं."

साखरेचं ऐकून मात्र त्यांचा विश्वास बसेना. अशा गार सालात द्राक्षात साखर कमी भरते, तेव्हा आंबवताना थोडी साखर घालायची तिथं कायद्यानं परवानगी आहे, एक टक्का अल्कोहोल वाढवायला लिटरला साधारण १७ ग्रॅम. "साखर घालत्यात? मग आपल्या कारखान्याची न्या म्हणावं," असं आईनं आतनं सांगितलं. माझ्या मते यात कमीपणा काही नाही, आपणसुद्धा मणी फुगवायला जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, मारतोच की.

किमतीचं थोडक्यात. जेव्ह्रेची त्याच दर्जाची बाटली फिसँच्या बऱ्याचदा दुप्पट पडते, आणि २०२१ मध्ये माल कमी म्हणून मोठ्या नावांचे दर आणखी चढले. आपल्याकडं ड्यूटी लागून ती परत महाग होते, म्हणून कुणी येणारं असेल तर आणायला सांगा, दोन लिटरपर्यंत ड्यूटी न भरता आणता येते. फिसँ नाही मिळाली तर तिच्या वर डिजॉंच्या बाजूला असलेल्या मार्साने गावची बघा, त्या गावाला तर २०२१ सालात प्रिमिये क्र्यूसुद्धा नव्हते.

अर्धी बाटली उरली ती बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आणखी चांगली लागली, करवंद मागं जाऊन मातीचा वास पुढं आलेला.

रविवारी रात्रीच आप्पांनी मला भावाला फोन लावायला सांगितला. त्यांना त्या मेणबत्त्यांचं पाहिजे होतं, एकराला किती लागतात, कितीची एक, किती वेळ जळते. भाऊ म्हणाला हेक्टरी तीन-चारशे, एक आठ-दहा युरोला, एका रात्रीत जवळजवळ संपतेच. आप्पांनी औषधाच्या दुकानाच्या पावतीमागं एकराला दीडशे धरून गुणाकार केला, मग त्याला तीन रात्रींनी गुणलं, आकड्याकडं बराच वेळ बघितलं, आणि मला म्हणाले, त्याला विचार, त्या माणसाची बाग किती एकर हाय.